रौलट व हंटर समित्या : सभासदनिवडीचा प्रश्न

फौजदारी न्यायासंबंधी सरकारला सल्ला देणाऱ्या समित्यांचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा त्यांच्या शिफारशींकडे जाते. सभासद कोण होते, ही बाब तपशिलाची मानली जाते. वस्तुतः समितीपुढे कोणते प्रश्न विचारले जातील, हे तिच्या घटनेनेच पुष्कळ अंशी ठरते. १९१७ ते १९२० या काळातील दोन समित्यांची तुलना या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

क्रांतिकारक कटांचे स्वरूप तपासून त्यांच्या बंदोबस्तासाठी कोणता कायदा करावा, हे सुचविण्यासाठी १० डिसेंबर १९१७ रोजी पहिली समिती नेमण्यात आली. अध्यक्ष इंग्लंडमधील न्यायाधीश सिडनी रौलट होते. मुंबईचे मुख्य न्यायाधीश बॅसिल स्कॉट, संयुक्त प्रांताचे सनदी अधिकारी व्हर्नी लव्हेट, मद्रासचे न्यायमूर्ती कुमारस्वामी शास्त्री व कलकत्त्याचे वकील प्रभासचंद्र मित्र हे अन्य सभासद. पाचांपैकी दोघे हिंदी होते, ही गोष्ट वरकरणी समाधानकारक दिसते. परंतु बैठका बंद दाराआड झाल्या. थोड्या लाहोरास, बाकी सर्व कलकत्त्यास. अहवालाचा आरंभ पुण्याच्या चापेकर बंधूंच्या प्रकरणापासून होतो, पण मुंबई इलाख्यात समितीची एकही बैठक झाली नाही. एप्रिल १९१८ चा अहवाल एकमताचा होता. ज्यूरीशिवाय खटला, अपिलास मज्जाव आणि खटल्यावाचून स्थानबद्धता अशा तरतुदींचा कायदा मार्च १९१९ मध्ये अशासकीय हिंदी सभासदांच्या विरोधास न जुमानता संमत झाला.

त्या कायद्याविरुद्धच्या चळवळीतून पंजाबातील घटना घडल्या आणि १४ ऑक्टोबर १९१९ रोजी लॉर्ड हंटर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. तीत पाच युरोपीय होते, तर चिमणलाल सेटलवाड, पंडित जगत नारायण व सुलतान अहमद खान हे तीन हिंदी. प्रमाण पूर्वीहून फारसे निराळे नव्हते. निराळी होती ती कामकाजाची रीत. साक्षी मुख्यतः उघडपणे झाल्या व प्रत्येक सभासदास उलटतपासणी करता आली. नोव्हेंबरात लाहोर येथे सेटलवाडांनी जनरल डायर यांस विचारले, की चिलखती मोटारी जालियनवाला बागेत नेता आल्या असत्या तर यंत्रतोफा वापरल्या असत्या काय? बहुधा वापरल्या असत्या, असे उत्तर आले. हा प्रश्न विचारला गेला नसता, तर हे उत्तर कोणत्याही दप्तरात सापडले नसते.

१९२० च्या अहवालात समिती दुभंगली. पाच युरोपीयांच्या मते दंगलींचे स्वरूप बंडाचे होते. तिघा हिंदी सभासदांना ते मान्य नव्हते. डायर यांचे कृत्य बहुमताच्या भाषेत गंभीर चूक ठरले, अल्पमताच्या भाषेत अमानुष. घटना एकच, साक्षी त्याच. शब्द मात्र सभासदागणिक बदलले, आणि बंड या एका शब्दावरच लष्करी कायद्याचे समर्थन अवलंबून होते.

तथापि हंटर समितीही अपुरीच होती. तुरुंगातील पंजाबी पुढाऱ्यांची तात्पुरती सुटका नाकारली गेल्याने काँग्रेसने तिच्यावर बहिष्कार घातला आणि स्वतःची समिती नेमली. गांधी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी व मुंबईचे मुकुंदराव जयकर यांनी १,७०० हून अधिक साक्षीदारांची निवेदने तपासली. सरकारी समितीपुढे जे आले नाहीत, त्यांचा आवाज अशा रीतीने नोंदला गेला.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. एक, केवळ संख्येने प्रतिनिधित्व सिद्ध होत नाही. दोघा हिंदी सभासदांची सही रौलट अहवालास अधिक वजन देऊन गेली. दुसरा, सभासदास उघडपणे प्रश्न विचारण्याचा व भिन्नमत लिहिण्याचा अधिकार वापरता आला, तरच त्याची निवड अर्थपूर्ण ठरते. २०२० साली केंद्रीय गृहमंत्रालयाने फौजदारी कायद्यांच्या सुधारणेसाठी नेमलेल्या पाच जणांच्या समितीत एकही स्त्री नाही, असा आक्षेप घेतला गेला. त्या आक्षेपामागील प्रश्न शंभर वर्षांपूर्वीचाच होता : कायद्याचा भार ज्यांच्यावर पडतो, त्यांच्या वतीने प्रश्न कोणी विचारावयाचा?