व्हेमॉर्क जड पाणी घातपात

व्हेमॉर्क जड पाणी घातपात ही दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेतील व्हेमॉर्क येथील जड पाण्याचे उत्पादन बंद पाडण्यासाठी दोस्त राष्ट्रांनी व नॉर्वेच्या प्रतिकार चळवळीने केलेल्या कारवायांची मालिका होती. जर्मनीच्या अणुसंशोधनाला लागणारे जड पाणी मिळू नये, हा या कारवायांचा उद्देश होता. १९४० ते १९४४ या काळात साठा गुप्तपणे देशाबाहेर नेणे, ग्लायडरने सैनिक उतरवणे, छापामार पथकाने स्फोट घडवणे, हवाई बॉम्बफेक आणि फेरीबोट बुडवणे असे निरनिराळे मार्ग अवलंबले गेले. त्यांपैकी २८ फेब्रुवारी १९४३ च्या पहाटे झालेली 'गनरसाइड' मोहीम सर्वांत प्रसिद्ध आहे. अण्वस्त्रनिर्मिती गुप्त घातपाताने लांबवण्याचा हा इतिहासातील पहिला मोठा प्रयत्न मानला जातो.

पार्श्वभूमी

डिसेंबर १९३८ मध्ये बर्लिनमध्ये ओटो हान व फ्रिट्झ श्ट्रासमान यांना युरेनियमच्या विखंडनाचा प्रायोगिक पुरावा मिळाला. लिझे माइटनर व ओटो फ्रिश यांनी त्याचा अर्थ उलगडून दाखवला. विखंडनातून बाहेर पडणारे न्यूट्रॉन पुढील अणूंचे विखंडन घडवून साखळी प्रक्रिया सुरू ठेवू शकतात, हे लवकरच स्पष्ट झाले. नैसर्गिक युरेनियममध्ये ही प्रक्रिया टिकवण्यासाठी वेगवान न्यूट्रॉनांची गती कमी करावी लागते. हे काम करणाऱ्या पदार्थाला मंदायक म्हणतात. अतिशुद्ध ग्रॅफाइट आणि जड पाणी हे दोन पदार्थ त्यासाठी उपयुक्त होते. अशा अणुभट्टीत प्लुटोनियम तयार होते आणि त्यापासून बॉम्ब बनवता येतो.

जर्मनीत वाल्टर बोटे यांनी १९४१ च्या सुरुवातीस केलेल्या मोजमापांत ग्रॅफाइट मंदायक म्हणून अयोग्य ठरले. वापरलेल्या ग्रॅफाइटमधील अशुद्धी हे त्यामागचे कारण होते. त्यामुळे जर्मन शास्त्रज्ञांचा भर जड पाण्यावर राहिला. अमेरिकेत मात्र शुद्ध ग्रॅफाइट वापरून एन्रिको फर्मी यांच्या गटाने २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागो येथे पहिली नियंत्रित साखळी प्रक्रिया घडवून आणली.

जड पाणी आणि व्हेमॉर्क प्रकल्प

जड पाण्याच्या रेणूत साध्या हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम हा त्याचा जड समस्थानिक असतो. हॅरल्ड युरी यांनी १९३१ मध्ये त्याचा शोध लावला. जड पाणी साध्या पाण्यापेक्षा सुमारे ११ टक्के अधिक घन असते. निसर्गात हजारो हायड्रोजन अणूंमागे ड्यूटेरियमचा एखादाच अणू आढळतो, त्यामुळे ते वेगळे करणे वेळखाऊ व महाग ठरते. पाण्याचे विद्युत् विच्छेदन करताना हलका हायड्रोजन आधी निघून जातो आणि उरलेल्या पाण्यात ड्यूटेरियमचे प्रमाण वाढत जाते. ही क्रिया अनेक टप्प्यांत पुन्हा पुन्हा करावी लागते व तिला प्रचंड वीज लागते.

नॉर्वेच्या टेलेमार्क प्रांतात रिउकान गावाजवळ 'नॉर्स्क हायड्रो' या कंपनीचे व्हेमॉर्क जलविद्युत केंद्र १९११ मध्ये सुरू झाले. त्या वेळी ते जगातील सर्वांत मोठे जलविद्युत केंद्र होते. खतासाठी लागणारा अमोनिया बनवण्याकरिता तेथे विद्युत् विच्छेदनाने हायड्रोजन तयार केला जाई. रसायनशास्त्रज्ञ लाइफ ट्रॉनस्टाड व अभियंता योमार ब्रुन यांच्या योजनेनुसार १९३४ पासून येथे जोडउत्पादन म्हणून जड पाणी काढले जाऊ लागले. युद्धापूर्वी त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन करणारा हा जगातील एकमेव कारखाना होता. खत कारखान्याशेजारी जड पाणी तयार करण्याची पद्धत पुढे अन्यत्रही आढळते. रायगड जिल्ह्यातील थळ येथील जड पाणी प्रकल्पही खत कारखान्याला लागूनच आहे, मात्र तेथील प्रक्रिया वेगळी आहे.

१९४० : साठ्याची सुटका

१९४० च्या आरंभी जर्मन उद्योगाने नॉर्स्क हायड्रोकडे जड पाण्याची मागणी केली. त्याची कुणकुण लागताच फ्रान्सने झाक आलिए यांना नॉर्वेत पाठवले. कंपनीचे महासंचालक आक्सेल ऑबेर यांनी उपलब्ध असलेले सुमारे १८५ किलोग्रॅम जड पाणी फ्रान्सच्या हवाली केले. मार्च १९४० मध्ये ते विमानाने स्कॉटलंडमार्गे फ्रान्समध्ये पोहोचले. जूनमध्ये फ्रान्सचा पाडाव होत असताना हान्स फॉन हाल्बान व ल्यू कोवार्स्की या शास्त्रज्ञांनी हा साठा जहाजाने इंग्लंडला नेला.

दरम्यान ९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने नॉर्वेवर आक्रमण केले आणि मे महिन्याच्या सुरुवातीस व्हेमॉर्क जर्मन ताब्यात गेले. त्यानंतर उत्पादन वाढवण्याचे आदेश निघाले. ट्रॉनस्टाड यांनी ही माहिती ब्रिटनला कळवली आणि १९४१ मध्ये ते स्वतः ब्रिटनला निसटले. कारखान्यात राहिलेल्या ब्रुन यांनी जड पाण्यात गुपचूप तेल मिसळून उत्पादन मंदावण्याचा प्रयत्न केला. १९४२ च्या अखेरीस तेही ब्रिटनमध्ये पोहोचले. कारखान्याची रचना आतून जाणणारे हे दोघे पुढील मोहिमांच्या आखणीत महत्त्वाचे ठरले.

'ग्राउस' आणि 'फ्रेशमन' मोहिमा

ब्रिटनच्या 'स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह' (एसओई) या गुप्त संघटनेने येन्स-आंतोन पौल्सन, क्लाउस हेलबर्ग, क्नूट हाउग्लान व आर्ने शेल्स्ट्रुप या चार नॉर्वेजियन तरुणांना ऑक्टोबर १९४२ मध्ये हार्डांगरविड्डा पठारावर हवाई छत्रीने उतरवले. या मोहिमेचे नाव 'ग्राउस' होते. मागून येणाऱ्या ब्रिटिश सैनिकांसाठी उतरण्याची जागा निश्चित करणे व बिनतारी संपर्क ठेवणे हे त्यांचे काम होते. आइनार स्किनारलांड हा स्थानिक हस्तक त्याआधीपासून त्या भागात कार्यरत होता.

१९ नोव्हेंबर १९४२ रोजी 'फ्रेशमन' मोहीम सुरू झाली. दोन हॅलिफॅक्स विमाने प्रत्येकी एक ग्लायडर ओढत स्कॉटलंडहून निघाली. खराब हवामानात दोन्ही ग्लायडर व एक विमान नॉर्वेच्या दक्षिण-पश्चिम भागात कोसळले. एकूण ४१ जण मरण पावले. त्यांतील काही अपघातातच मृत्युमुखी पडले. जिवंत हाती लागलेल्यांना छापामार सैनिकांबाबतच्या हिटलरच्या आदेशानुसार ठार मारण्यात आले. ते गणवेशात होते, त्यामुळे ही हत्या युद्धनियमांचा भंग होती. युद्धानंतर नॉर्वेतील जर्मन सेनापती निकोलाउस फॉन फाल्केनहॉर्स्ट यांच्यावर छापामार युद्धकैद्यांच्या हत्यांबद्दल खटला चालला. त्यांना मृत्युदंड सुनावण्यात आला व नंतर तो वीस वर्षांच्या कारावासात बदलण्यात आला.

अपघातस्थळी मिळालेल्या नकाशामुळे लक्ष्य कोणते होते हे जर्मनांना समजले. कारखान्याभोवती सुरुंग पेरण्यात आले आणि पहारा वाढवण्यात आला. ग्राउस गटाला मात्र हिवाळ्यातील पठारावर आणखी सुमारे तीन महिने लपून राहावे लागले. अन्न संपत आल्यावर त्यांनी दगडफुलावर गुजराण केली. नाताळच्या सुमारास शिकारीत एक रेनडिअर मिळाल्याने त्यांचा जीव तगला.

'गनरसाइड' मोहीम

१६ फेब्रुवारी १९४३ रोजी योआकिम रोनेबर्ग यांच्या नेतृत्वाखाली सहा नॉर्वेजियन छापामार पठारावर उतरले. इतर पाच जण क्नूट हाउकेलिड, फ्रेडरिक कायसर, कास्पर इडलांड, हान्स स्टोरहाउग व बिरगेर स्ट्रॉम्सहाइम हे होते. हिमवादळ ओसरल्यावर त्यांची ग्राउस गटाशी गाठ पडली.

कारखान्याकडे जाणाऱ्या झुलत्या पुलावर पहारा होता. पहारेकऱ्यांना मारून पूल ओलांडला असता, तर स्थानिक नागरिकांवर सूड उगवला जाण्याची भीती होती. म्हणून २७ फेब्रुवारीच्या रात्री नऊ जणांनी खोल दरीत उतरून गोठलेली नदी पार केली आणि पलीकडचा कडा चढून ते कारखान्याच्या लोहमार्गापाशी पोहोचले. पाच जण पहाऱ्यावर राहिले व चौघांनी स्फोटाचे काम हाती घेतले. रोनेबर्ग व कायसर हे केबल नेण्याच्या अरुंद बोगद्यातून तळघरात शिरले. तेथील नॉर्वेजियन रखवालदाराला त्यांनी इजा केली नाही. विच्छेदन-पात्रांना स्फोटके बांधून झाल्यावर, स्फोट खात्रीने व्हावा म्हणून वातींची लांबी कमी करून अवधी दोन मिनिटांवरून अर्ध्या मिनिटावर आणला गेला. ही कारवाई ब्रिटनहून आलेल्या सैनिकांची आहे हे दिसावे व गावकऱ्यांवर संशय येऊ नये, यासाठी एक बंदूक मुद्दाम मागे ठेवण्यात आली.

स्फोटात जड पाण्याची सर्व १८ पात्रे फुटली आणि सुमारे ५०० किलोग्रॅम जड पाणी वाहून गेले. एकही गोळी झाडली गेली नाही व कोणाचाही जीव गेला नाही. पाठलागासाठी हजारो जर्मन सैनिक पठारावर पाठवण्यात आले, परंतु नऊही जण निसटले. त्यांपैकी पाच जण गणवेशात, स्कीवरून शेकडो किलोमीटर अंतर कापून तटस्थ स्वीडनमध्ये पोहोचले.

हवाई बॉम्बफेक

जर्मनांनी काही महिन्यांतच पात्रांची दुरुस्ती करून उत्पादन पुन्हा सुरू केले. वाढलेल्या बंदोबस्तात दुसरा छापा घालणे कठीण होते. १६ नोव्हेंबर १९४३ रोजी अमेरिकी हवाई दलाच्या शंभराहून अधिक बॉम्बफेकी विमानांनी व्हेमॉर्क व रिउकानवर शेकडो बॉम्ब टाकले. यात विसाहून अधिक नॉर्वेजियन नागरिक मृत्युमुखी पडले. तळघरातील जड पाण्याची पात्रे मात्र जवळपास सुरक्षित राहिली. विश्वासात न घेता केलेल्या या हल्ल्याबद्दल लंडनमधील निर्वासित नॉर्वेजियन सरकारने निषेध नोंदवला. तथापि हल्ले होत राहतील हे ओळखून जर्मनांनी येथील उत्पादन थांबवण्याचा व उरलेला साठा जर्मनीत हलवण्याचा निर्णय घेतला.

'हायड्रो' फेरीबोट

साठ्याची पिंपे रेल्वेच्या वाघिणींतून नेली जाणार होती. या वाघिणी टिन सरोवर 'हायड्रो' नावाच्या फेरीबोटीवरून पार करत. त्या भागात राहिलेले हाउकेलिड यांनी रोल्फ सोर्ली व क्नूट लीर-हान्सेन यांच्या मदतीने बोट बुडवण्याची योजना आखली. बोटीतून सामान्य प्रवासीही प्रवास करत असल्याने हा निर्णय अवघड होता. स्थानिक कार्यकर्त्यांनी लंडनकडे विचारणा केली असता कारवाई आवश्यक असल्याचे उत्तर आले. कमीत कमी प्रवासी असावेत म्हणून रविवारची खेप निवडण्यात आली. सरोवराच्या सर्वांत खोल भागात बोट बुडेल अशा बेताने गजराच्या घड्याळांना जोडलेली स्फोटके तळाशी ठेवण्यात आली. प्रवाशांना आधी सूचना दिल्यास बेत फुटला असता, म्हणून ती दिली गेली नाही.

२० फेब्रुवारी १९४४ रोजी सकाळी स्फोट होऊन बोट ४०० मीटरहून अधिक खोल पाण्यात बुडाली. १४ नॉर्वेजियन व ४ जर्मन असे १८ जण मरण पावले आणि २९ जण वाचले. अर्धवट भरलेली काही पिंपे तरंगत राहिल्याने जर्मनांच्या हाती लागली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरोवराच्या तळातून वर काढलेल्या एका पिंपाच्या तपासणीत जड पाणी आढळले.

परिणाम व मूल्यमापन

या कारवायांमुळे जर्मन अणुबॉम्ब रोखला गेला, असे लोकप्रिय लेखनात अनेकदा म्हटले जाते. इतिहासकारांचे मत अधिक सावध आहे. युद्ध संपण्याआधी बॉम्ब तयार होणे शक्य नाही, हे १९४२ च्या मध्यापर्यंत जर्मन अधिकाऱ्यांना उमगले होते. जून १९४२ मध्ये वेर्नर हायझेनबर्ग व शस्त्रास्त्रमंत्री आल्बर्ट श्पेअर यांच्या भेटीनंतर हे काम मुख्यतः अणुभट्टीच्या संशोधनापुरते मर्यादित राहिले. अर्थात ही बाब दोस्त राष्ट्रांना तेव्हा ठाऊक नव्हती. सॅम्युअल गाउडस्मिट यांच्या वैज्ञानिक नेतृत्वाखालील 'आल्सोस' पथकाला १९४४ च्या अखेरीस स्ट्रासबर्ग येथे सापडलेल्या कागदपत्रांतून जर्मनीची पीछेहाट प्रथम स्पष्ट झाली.

अणुभट्टीवर मात्र घातपाताचा परिणाम निश्चित झाला. १९४५ च्या वसंतात हायगरलोख येथील तळघरात ६६४ युरेनियम घन व सुमारे दीड टन जड पाणी वापरून जर्मनांनी शेवटचा प्रयोग केला. त्यातही स्वयंपूर्ण साखळी प्रक्रिया साधली नाही, कारण युरेनियम व जड पाणी दोन्ही अपुरे होते. जड पाण्याचा पुरवठा तुटणे हे अपयशाचे मुख्य कारण असल्याचे मत जर्मन भौतिकशास्त्रज्ञ कुर्ट डीबनर यांनी नंतर मांडले. म्हणजे बॉम्बपर्यंतचे अंतर घातपाताआधीच मोठे होते, आणि घातपाताने त्या वाटेवरील पहिला टप्पाही गाठू दिला नाही.

या मालिकेतून घातपाताच्या मर्यादाही दिसतात. गनरसाइडसारख्या अचूक छाप्यानेही उत्पादन काही महिनेच थांबले. मोठ्या बॉम्बफेकीने लक्ष्याचे थोडे व नागरिकांचे अधिक नुकसान झाले. फेरीबोटीवरील कारवाईने साठा नष्ट केला, परंतु त्याची किंमत निरपराध प्रवाशांनी दिली. या मृत्यूंविषयीची चर्चा नॉर्वेत युद्धानंतरही सुरू राहिली.

नंतरच्या काळातील घातपात

पुढील दशकांतही अणुकार्यक्रम लांबवण्यासाठी गुप्त मार्ग वापरले गेले. एप्रिल १९७९ मध्ये फ्रान्समधील ला सेन-सुर-मेर येथे इराककरिता बनवलेल्या अणुभट्टीच्या भागांवर स्फोट घडवण्यात आला. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या 'स्टक्सनेट' या संगणकीय विषाणूने इराणमधील नतान्झ येथील युरेनियम समृद्धीकरणाच्या अपकेंद्री यंत्रांचे नुकसान केले. त्याची जबाबदारी कोणत्याही सरकारने अधिकृतपणे स्वीकारलेली नाही. या दोन्ही प्रसंगांत कार्यक्रम लांबला, परंतु केवळ घातपाताने तो संपला नाही.

वारसा

ट्रॉनस्टाड मार्च १९४५ मध्ये नॉर्वेतील एका मोहिमेवर असताना मारले गेले. हाउग्लान १९४७ मध्ये थोर हायरडाल यांच्या 'कॉन-टिकी' तराफ्यावरील प्रशांत महासागराच्या सफरीत सहभागी झाले. रोनेबर्ग यांचे २०१८ मध्ये वयाच्या ९९ व्या वर्षी निधन झाले.

या घटनांवर १९४८ मध्ये नॉर्वेजियन चित्रपट निघाला व त्यात मूळ पथकातील काही जणांनी स्वतःच्याच भूमिका केल्या. १९६५ चा 'द हीरोज ऑफ टेलेमार्क' हा चित्रपट व २०१५ ची नॉर्वेजियन दूरचित्रवाणी मालिकाही प्रसिद्ध आहे. हायड्रोजन कारखान्याची इमारत १९७७ मध्ये पाडण्यात आली. विद्युत केंद्राच्या इमारतीत आता औद्योगिक कामगारांचे संग्रहालय आहे. पुढे उत्खननात जड पाण्याचे तळघर पुन्हा उघडे करण्यात आले. २०१५ मध्ये युनेस्कोने रिउकान-नोटोडेन औद्योगिक वारसा स्थळाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यात व्हेमॉर्कचाही अंतर्भाव होतो.