कॉर्व्हेटवरचा आरोप

मोटारींच्या जाणकारांत एक मत रूढ आहे. शेव्हरोलेची कॉर्व्हेट ही खरी स्पोर्ट्स कार नव्हेच. अवाढव्य इंजिनाच्या जोरावर सरळ रस्त्यावर धावणारे ते मागास यंत्र आहे, आणि सत्तर वर्षांनंतरही तिची मोहिनी टिकली ती केवळ अमेरिकी स्मरणरंजनामुळे.

हा पूर्वपक्ष निराधार नाही. फेरारी, पोर्शे यांनी झडपा उघडणारा कॅमशाफ्ट सिलिंडरच्या माथ्यावर नेला, तेव्हा कॉर्व्हेटने तो ब्लॉकच्या पोटातच ठेवला. इतरांनी कॉइल स्प्रिंग घेतल्या. कॉर्व्हेट 2019पर्यंत पाट्यांवर, म्हणजे लीफ स्प्रिंगवर, चालली. शिवाय 1953ची पहिली गाडी खरोखरच लेचीपेची होती. सहा सिलिंडरचे 150 अश्वशक्तीचे इंजिन आणि त्याला दोनच गिअरचे ऑटोमॅटिक! पुढच्या वर्षी बांधलेल्या 3,640 गाड्यांपैकी सुमारे एक तृतीयांश पडून राहिल्या. हे सारे मान्य. पण यावरून काढलेला निष्कर्ष मान्य नाही.

आधी पाट्यांचे पाहू, कारण हेटाळणीचा सर्वाधिक भर तिथेच आहे. मालट्रकमध्ये पोलादी पात्यांची चवड गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवतात आणि अखंड ॲक्सल तिलाच आवळतात; त्यामुळे एक चाक खड्ड्यात गेले की दुसरेही कलते. 1963च्या कॉर्व्हेट स्टिंग रेमध्ये अभियंता झोरा आर्कस-डन्टव्ह यांनी मागचा पाटा आडवा टाकला आणि चाकांना जागेवर धरण्याचे काम वेगळ्या दांड्यांकडे दिले. मागची दोन्ही चाके स्वतंत्रपणे खाली-वर होऊ लागली. पाट्याकडे भार पेलण्याचेच काम उरले. 1981मध्ये काही गाड्यांत पोलादी चवडीऐवजी काचतंतूंचा एकच पाटा आला, तेव्हा सुमारे 20 किलोंचे वजन चार किलोंच्या आत आले. तेही जमिनीलगत! याला मागासलेपण म्हणायचे ते कोणत्या शास्त्राने?

तीच गत इंजिनाची. कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये राहिला की सिलिंडरचा माथा आटोपशीर होतो, इंजिन बुटके आणि अरुंद बनते, तेवढ्याच जागेत मोठी क्षमता मावते आणि गाडीचा गुरुत्वमध्य खाली राहतो. दर लिटरमागे अश्वशक्ती किती, हा आक्षेपकांचा लाडका निकष. पण इटली-फ्रान्समध्ये इंजिनाच्या आकारावर करांचा बोजा वाढे, म्हणून तिथल्या अभियंत्यांना लहान इंजिनातून ताकद पिळावी लागली. डेट्रॉइटवर ते बंधन नव्हते. करआकारणीचा निकष यंत्रशास्त्राचा निकष कधीपासून झाला? रस्त्याला लिटर कळत नाहीत, वजन कळते.

आणि 'सरळ रस्त्यापुरती' हा आरोप तर ल मॉन्समध्ये केव्हाच निकालात निघाला. 1960च्या 24 तासांच्या शर्यतीत ब्रिग्ज कनिंगहॅम यांनी तीन कॉर्व्हेट उतरवल्या. जॉन फिच आणि बॉब ग्रॉसमन यांच्या गाडीचे पाणी शेवटच्या टप्प्यात गेले, आणि नियमाने ते लगेच भरता येईना. तेव्हा पथकातल्या माणसांनी तापलेल्या इंजिनावर बर्फ रचला. गाडी आठवी आली, आपल्या वर्गात पहिली. पुढे 2001 ते 2015 या काळात कॉर्व्हेटच्या अधिकृत संघाने तिथे आठ वेळा वर्गविजय मिळवला. 2005 आणि 2006मध्ये ॲस्टन मार्टिनला मागे टाकून. आठही वेळा कॅमशाफ्ट ब्लॉकमध्येच होता.

राहता राहिले स्मरणरंजन. स्टिंग रेच्या मागच्या काचेला दुभागणारी पट्टी आज संग्राहकांना वेड लावते. ती डिझाइनप्रमुख बिल मिचेल यांच्या आवडीची. मागचे नीट दिसत नाही म्हणून डन्टव्ह यांचा तिला विरोध. 1964मध्ये पट्टी गेली. गाडी सुंदर दिसावी एवढाच हेतू असता तर ती गेली असती काय? इंजिन चालकाच्या मागे असलेली प्रायोगिक गाडी डन्टव्ह यांनी 1960मध्येच बांधली होती. तशी कॉर्व्हेट विक्रीला यावी असा त्यांचा आग्रह व्यवस्थापनाने मानला नाही. ते 1975मध्ये निवृत्त झाले, 1996मध्ये वारले. 2020च्या कॉर्व्हेटमध्ये अखेर इंजिन मागे गेले आणि ते ओळखीचे लांबलचक बॉनेट नाहीसे झाले. आठवणींवर जगणारी वस्तू आपली सर्वांत मोठी आठवण अशी स्वतःहून मोडीत काढत नाही.

ही नवी गाडी जाहीर झाली तेव्हा तिची मूळ किंमत 60,000 डॉलरच्या आत होती, आणि 2023मध्ये तिच्या शर्यतीच्या आवृत्तीने ल मॉन्समध्ये आपला वर्ग जिंकला. कॉर्व्हेट खरी स्पोर्ट्स कार की नाही, याचा निवाडा वाचकांनी या नोंदींवरून करावा, ऐकीव मतांवरून करू नये.