परका कोण आणि पापी कोण?

राष्ट्रप्रेम हा सद्‌गुण खरा; परंतु आपल्या घरचे दोष परक्याच्या माथी मारण्याची खोड त्याला जडली, म्हणजे त्याचा द्वेष होण्यास वेळ लागत नाही. याचा एक धडा आपल्या नागपुरातच गिरवला गेला.

१४ एप्रिल १९५४ रोजी तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याच्या चौकशीसाठी समिती नेमली. नागपूर त्या वेळी त्या राज्याची राजधानी होते. येथील उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी अध्यक्ष होते, वर्ध्याचे प्रा. एस. के. जॉर्ज हे ख्रिस्ती गृहस्थही सभासद होते. समितीने १४ जिल्ह्यांत फिरून ११,३६० लोकांची गाठ घेतली व १९५६ मध्ये अहवाल दिला. शाळा, दवाखाने, कर्जे यांच्या आडून धर्मांतरे होतात, अशा तक्रारी तिच्यापुढे आल्या. त्या सगळ्याच खोट्या, असे आम्ही ख्रिस्ती मंडळींनी म्हणू नये. हिंदूंच्या देवधर्मात निव्वळ अंधार पाहणारे मिशनरी आमच्यातच होऊन गेले. परक्याला पापी ठरविण्याचा दोष आधी आम्हीही केला आहे.

परंतु अहवाल तेथे थांबला नाही. मिशनकार्यामागे पाश्चात्त्यांच्या वर्चस्वाचा बेत आहे आणि धर्म बदलला की देशनिष्ठा ढळते, असा संशय त्याने घेतला. या एका पावलाने माणूस नाहीसा झाला आणि ‘परका’ तेवढा उरला.

माणसे पाहिली तर काय दिसते? १८४५ साली नागपुरास आलेले स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडांच्या कथा टिपून ठेवल्या. १८६३ मध्ये टाकळघाटाजवळ नदीत बुडून त्यांचा अंत झाला. १८९५ साली ख्रिस्ती झालेले रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी अभंग लिहिले. त्यांचा धर्म बदलला. त्यांची मराठी आणि त्यांचा देश बदलला नाही.

शेजारी कोण, या प्रश्नाला येशूने दृष्टान्ताने उत्तर दिले, तेव्हा स्वजन वाट सोडून गेले आणि जखमीची शुश्रूषा तिरस्कृत शोमरोन्याने केली. पाप परक्याच्या रक्तात नसून प्रत्येकाच्या अंतःकरणात असते, हा त्यातील बोध. तो आम्हांलाही लागू आहे.

शेवटी एक गोष्ट. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नगरीत डॉ. आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली; त्या सोहळ्यात नियोगी यांनीही धम्म स्वीकारला. त्यांची देशनिष्ठा त्या दिवशी ढळली, असे कोण म्हणेल? मग तोच न्याय शेजारच्या ख्रिस्ती माणसाला का नसावा?