पर्यटक व्हिसाचे कामाच्या व्हिसात रूपांतर

पर्यटक व्हिसाचे कामाच्या व्हिसात रूपांतर म्हणजे पर्यटनाच्या किंवा भेटीच्या व्हिसावर परदेशात गेलेल्या व्यक्तीने तेथे नोकरी मिळाल्यावर आपल्या वास्तव्याचा प्रकार अधिकृतपणे बदलून घेणे. काही देशांत हा बदल देशाबाहेर न जाता करता येतो, तर काही देशांत त्यासाठी मायदेशी परतून नव्याने अर्ज करावा लागतो. यजमान देशाने बदल मान्य केला, तरी मायदेशाच्या उत्प्रवासविषयक कायद्याची पूर्तता त्यामुळे आपोआप होत नाही. ही उणीव अनेकदा पहिल्या सुट्टीनंतर पुन्हा परदेशी निघताना उघड होते.

संकल्पना

व्हिसा आणि वास्तव्याचा दर्जा या दोन वेगळ्या बाबी आहेत. व्हिसा ही देशाच्या सीमेवर जाऊन प्रवेश मागण्याची परवानगी असते. प्रवेश मिळाल्यानंतर कोणत्या कारणासाठी व किती काळ राहता येईल, हे दर्जावरून ठरते. पर्यटक म्हणून राहत असताना वेतन घेऊन काम करणे बहुतेक सर्व देशांत बेकायदेशीर आहे. नोकरीचा शोध घेणे किंवा मुलाखत देणे आणि प्रत्यक्ष कामावर रुजू होणे यांत त्यामुळे भेद केला जातो.

भारतीय कायद्यातील स्थिती

भारतात हा विषय उत्प्रवास अधिनियम, १९८३ च्या कक्षेत येतो. या कायद्याने १९२२ चा जुना कायदा रद्द केला. नोकरी करण्याच्या हेतूने भारताबाहेर जाणे म्हणजे उत्प्रवास, अशी त्याची व्याख्या आहे. कलम २२ नुसार अशा प्रवासासाठी उत्प्रवासी संरक्षकाची परवानगी आवश्यक असते. व्यवहारात ही अट प्रामुख्याने ईसीआर पासपोर्टधारकांना लागू होते. दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तींना सामान्यतः असा पासपोर्ट मिळतो. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत, ओमान, बहरीन, मलेशिया, थायलंड आदी १८ देशांत नोकरीसाठी जाताना त्यांना परवानगी घ्यावी लागते. परिचारिकांना मात्र दहावीपुढील शिक्षण असले, तरी २०१५ पासून या देशांसाठी परवानगी बंधनकारक आहे.

ईसीआर पासपोर्टधारक पर्यटनासाठी जात असल्यास ही परवानगी लागत नाही. वैध व्हिसा व परतीचे तिकीट पुरेसे असते. या सवलतीचा आधार घेऊन अनेक कामगारांना पर्यटक म्हणून पाठविले जाते. वास्तविक परवानगीच्या प्रक्रियेत नियोक्त्याची नोंद, कराराची तपासणी व विमा या तिन्ही गोष्टी येतात. प्रवासी भारतीय विमा योजनेत अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपयांचे संरक्षण मिळते. तिचा हप्ता दोन वर्षांसाठी २७५ रुपये व तीन वर्षांसाठी ३७५ रुपये, अधिक कर, असा ठरविण्यात आला. पर्यटक म्हणून गेलेला कामगार या संपूर्ण व्यवस्थेच्या बाहेर राहतो.

देशनिहाय नियम

संयुक्त अरब अमिरातीमध्ये भेटीच्या व्हिसावरून कामाच्या परवान्याकडे देशातच वळता येते. नियोक्त्याने मनुष्यबळ मंत्रालयाकडून परवाना घेणे, कामगाराची वैद्यकीय तपासणी होणे आणि त्याला अमिराती ओळखपत्र मिळणे, असे त्याचे टप्पे आहेत. पूर्वी अनेक कामगार व्हिसा बदलण्यासाठी इराणच्या किश बेटावर किंवा ओमानमध्ये जाऊन परत येत. परवान्याविना कामगार ठेवणाऱ्या नियोक्त्यास २०२४ च्या सुधारणेनुसार १ लाख ते १० लाख दिरहम दंड होऊ शकतो.

सौदी अरेबियात भेटीच्या व्हिसाचे सर्वसाधारणपणे कामाच्या व्हिसात रूपांतर होत नाही. कामगारास भारतात परतून सौदी दूतावासामार्फत नवा व्हिसा घ्यावा लागतो. युनायटेड किंग्डममध्येही पर्यटकास कुशल कामगार गटात देशातून बदल करता येत नाही.

अमेरिकेत बी-१ किंवा बी-२ दर्जावरून एच-१बी दर्जासाठी नियोक्ता अर्ज करू शकतो. मात्र प्रवेशानंतर ९० दिवसांच्या आत पर्यटनाशी विसंगत वर्तन केल्यास प्रवेशाच्या वेळी हेतू दडविला होता, असा निष्कर्ष काढला जाऊ शकतो.

बदलानंतरचा परदेश प्रवास

रूपांतरानंतर देशाबाहेर पडणे हा या प्रक्रियेतील सर्वांत नाजूक टप्पा असतो. अमेरिकेत दर्जाबदलाचा अर्ज प्रलंबित असताना देश सोडल्यास दर्जाबदलाची मागणी सोडून दिली असे मानतात. दर्जा मंजूर झाला, तरी पासपोर्टवरील व्हिसा जुनाच असतो. त्यामुळे भारतात आलेल्या व्यक्तीला परत जाण्यापूर्वी अमेरिकी वाणिज्य दूतावासातून एच-१बी व्हिसा घ्यावा लागतो. कॅनडा किंवा मेक्सिकोच्या ३० दिवसांपर्यंतच्या प्रवासास काही अटींवर यातून सूट आहे.

संयुक्त अरब अमिरातीचा सामान्य निवासी परवाना सलग सहा महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास रद्द होऊ शकतो. सौदी अरेबियातून सुट्टीवर येताना बाहेर जाण्याचा व परतण्याचा संयुक्त परवाना लागतो. तो नसल्यास नोकरी कायम असूनही परतीचा मार्ग बंद होतो.

भारताच्या बाजूने अडचण वेगळी असते. पर्यटक म्हणून गेलेला ईसीआर पासपोर्टधारक कामाचा व्हिसा घेऊन सुट्टीवर येतो, तेव्हा त्याचा पुढचा प्रवास नोकरीसाठीचा ठरतो. त्यामुळे पहिल्या वेळी न लागलेली परवानगी आता लागते. ती नसल्यास विमानतळावरील अधिकारी त्यास रोखू शकतात. एकूण तीन वर्षांहून अधिक काळ परदेशात राहिलेल्या व्यक्तीस ईसीएनआर पासपोर्टसाठी अर्ज करता येतो. हा काळ सलग असण्याची आवश्यकता नाही.

फसवणूक आणि धोके

नोंदणी नसलेल्या मध्यस्थाने परदेशी नोकरीसाठी भरती करणे हा १९८३ च्या कायद्यानुसार गुन्हा असून त्यास दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून कमाल ३०,००० रुपये, अधिक कर, घेता येतात. 'आधी पर्यटक म्हणून जा, व्हिसा तिकडे बदलून देऊ' असे तोंडी आश्वासन बंधनकारक नसते. नियोक्त्याने ते न पाळल्यास व्हिसाची मुदत संपते, दंड वाढत जातो आणि दाद मागण्यास करारही हाती नसतो. थायलंडमध्ये नोकरीच्या आमिषाने नेलेल्या अनेक भारतीयांना म्यानमारमधील सायबर फसवणुकीच्या केंद्रांत डांबण्यात आले. मार्च २०२५ मध्ये अशा ५४९ भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणण्यात आले.

महाराष्ट्रातील संदर्भ

कोकणातून आखाती देशांत जाण्याची परंपरा जुनी आहे. मराठवाड्याच्या सीमावर्ती भागाला मुंबईप्रमाणेच हैदराबादही सोयीचे पडते. धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील माकणी हे निम्न तेरणा धरणाचे गाव याच पट्ट्यात आहे. मुंबई व हैदराबाद या दोन्ही शहरांत उत्प्रवासी संरक्षकांची कार्यालये आहेत. ई-मायग्रेट प्रणाली आल्यापासून अर्ज संगणकाद्वारे करता येतो आणि एजंटाची नोंदणी खरी आहे की नाही, हेही तेथे पडताळता येते.

दहावी उत्तीर्ण असूनही अर्जासोबत प्रमाणपत्र न जोडल्यामुळे काहींच्या पासपोर्टवर ईसीआर नोंद राहते. प्रमाणपत्र सादर करून पासपोर्टच्या पुनर्वितरणासाठी अर्ज केल्यास ती काढता येते. लातूर, धाराशिव व नांदेड जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांना हरवलेल्या प्रमाणपत्राची दुय्यम प्रत लातूर विभागीय मंडळाकडून मिळते. त्यामुळे परदेशी जाण्याची तयारी करणाऱ्यासाठी शाळेतील हा कागद पासपोर्टइतकाच महत्त्वाचा ठरतो.

हे सुद्धा पहा

पासपोर्ट
व्हिसा
अनिवासी भारतीय