घरातली शाळा आणि शाळेची ओसरी

मुलांना घरीच शिकवावे, हा विचार आज आपल्याकडे शहरातील सुखवस्तू कुटुंबांपुरता बोलला जातो. ज्यांना शाळेनेच आत घेतले नाही त्यांच्या घरातल्या शिक्षणाचा इतिहास वेगळा आहे. तो अमेरिकेतील काळ्यांचा आहे, तसाच रत्नागिरी जिल्ह्यातल्या महारांचाही आहे. हे दोन्ही इतिहास शेजारी ठेवून वाचले पाहिजेत.

अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामाला अक्षर शिकवणे हा गुन्हा होता. दक्षिण कॅरोलिनाने १७४० साली गुलामांना लिहायला शिकवण्यावर बंदी घातली. जॉर्जियाने १८२९ साली वाचायला शिकवणेही गुन्हा ठरवले. त्याच जॉर्जियात १८४८ साली गुलामीत जन्मलेली सुझी किंग टेलर सव्हाना शहरात एका काळ्या बाईच्या स्वयंपाकघरात शिकली. पोलिसांना दिसू नयेत म्हणून मुले पुस्तके कागदात गुंडाळून नेत आणि एकेक करून फाटकातून आत शिरत. पुढे यादवी युद्धाच्या काळात, १८६२ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी हीच मुलगी मुक्त झालेल्या माणसांची शिक्षिका झाली.

आपल्याकडे असा कायदा नव्हता. कायद्याचे काम रूढी करीत होती. कंपनी सरकारच्या पलटणीत मात्र शिपायांच्या मुलांना, मुलींनाही, शिक्षण सक्तीचे होते, हे बाबासाहेबांनी नमूद करून ठेवले आहे. सुभेदार रामजी सकपाळ याच व्यवस्थेतून शिकले व लष्करी शाळेत शिक्षक झाले. निवृत्त महार सैनिकांची मोठी वस्ती दापोलीला होती. गोपाळबाबा वलंगकर याच वर्गातले. हे लोक लिहू लागले, अर्ज करू लागले, तेव्हाच म्हणजे १८९०च्या दशकाच्या आरंभी महारांची लष्करभरती बंद झाली. भरतीबरोबर पलटणीची शाळाही गेली. उरली ती गावची शाळा, आणि तिचे दार बंद.

दापोलीच्या पेन्शनरांनी त्याच सुमारास मुलांच्या शाळाप्रवेशासाठी सरकारकडे अर्ज केले. पदरी पडली ती शाळेची ओसरी. पुढे साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला बसायला स्वतःचे गोणपाट न्यावे लागे, आणि त्या गोणपाटाला शाळेचा गडी हात लावीत नसे. शाळेने असे दूर बसवले, तेव्हा घराने काय केले? रामजींनी मुलांचा अभ्यास स्वतः घेतला. संध्याकाळी घरात भजने होत. रामायण-महाभारतातले उतारे बहिणींना व जमलेल्या मंडळींना मुलांनी वाचून दाखवायचे, असा त्यांचा दंडक होता. न्हाव्याने केस कापायचे नाकारले, तर ते कामही घरात थोरली बहीणच करी. समाजाने जे जे नाकारले ते ते घराला करावे लागले.

परंतु येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. रामजींचे घर शाळा होऊ शकले, कारण त्यांच्या मागे पलटणीची शाळा होती. ज्या घरात कोणी पलटणीत गेलेच नव्हते, तेथे पाटी कोण धरणार? आमच्या नाटे गावात छावणी नव्हती. माझ्या पणजोबांनी आयुष्यभर अंगठा उठवला. आजोबा गिरणीत लागले आणि मुंबईच्या चाळीतल्या खोलीत, पाळी सुटल्यावर, सोबत्याकडून अक्षरे शिकले. मी मोठ्याने वाचायला शिकलो तो आमच्या बौद्धवाडीत, वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चाले तेथे. पण बीजगणित मला घरात किंवा वाडीत कोणी शिकवू शकले नसते. ते शाळेनेच शिकवले. घराने शिकण्याची भूक दिली, वाचण्याची हिंमत दिली. पदवीपर्यंतचा रस्ता सार्वजनिक शाळेतूनच गेला.

म्हणूनच दापोलीच्या पेन्शनरांचे अर्ज मला मोलाचे वाटतात. त्यांच्यातले काहीजण मुलांना घरी शिकवू शकत होते, तरी त्यांनी शाळेवरचा हक्क सोडला नाही. अमेरिकेतील काळ्यांनीही तो सोडला नाही. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाकडून त्यांनी शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवून घेतला.

आज त्यांच्यातील काही कुटुंबे पुन्हा घरातल्या शिक्षणाकडे वळली आहेत. तेथील जनगणना विभागाच्या पाहणीनुसार २०२०च्या वसंतात सुमारे ३.३ टक्के काळी कुटुंबे मुलांना घरी शिकवत होती. शरद ऋतूत हे प्रमाण १६.१ टक्के झाले. महामारी हे तात्कालिक कारण झाले. काळ्या मुलांना होणारी कडक शिक्षा, त्यांच्याकडून ठेवली जाणारी कमी अपेक्षा, आणि पाठ्यपुस्तकांतून गाळलेला त्यांचा इतिहास ही कारणे जुनी आहेत. हा त्या पालकांनी शाळेवर दिलेला निकाल आहे. शाळेने तो ऐकला पाहिजे.

आपल्यापुढचा प्रश्न जरा वेगळा आहे. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली दहापेक्षा कमी पटाच्या शाळा जवळच्या शाळांत मिळवण्याचा निर्णय घेतला. कोकणात वाड्या विखुरलेल्या, मधे डोंगर-ओढे. पट कमी असणारच. वाडीतली शाळा गेली तर शिकलेल्या आईबापांची मुले कशीबशी तरतील. ज्यांच्या घरात आजही पाटी धरणारे कोणी नाही, त्या मुलांचे काय? शिक्षकांनी व कार्यकर्त्यांनी आपापल्या वाडीत हा हिशेब मांडावा: कोणत्या घरात कोण पहिल्यांदा शिकले, कोणाकडून शिकले, कोणत्या शाळेने आत घेतले. हा हिशेब हाती असेल, तर शाळा बंद करायला आलेल्या अधिकाऱ्यासमोर तो ठेवता येईल.