जसं अन्न तसं मन? एका समजुतीचा इतिहास

गारगोटीत येऊन जेवणावर बोलायचं म्हणजे जरा धाडसच. एकीकडे भुदरगडच्या डोंगरातली नाचण्याची भाकरी, दुसरीकडे कोल्हापूरचा तांबडा-पांढरा रस्सा, आणि दोन्हीकडे कांदा-लसूण चटणी. अशा श्रोत्यांना 'सात्त्विक खा, मन शांत होईल' एवढंच सांगून आम्ही निघणार नाही. ही समजूत आली कुठून आणि तिच्यात खरं किती, ते आज बघू.

सुरुवात छांदोग्य उपनिषदातल्या एका गोष्टीने. उद्दालक आरुणी आपला मुलगा श्वेतकेतू याला पंधरा दिवस काही खाऊ नकोस, फक्त पाणी पी, असं सांगतो. नंतर वेद म्हणून दाखवायला सांगतो, तर मुलाला काहीच आठवत नाही. जेवल्यावर मात्र सगळं आठवतं. मन अन्नावर चालतं, हे बापाला पटवून द्यायचं होतं. एका अर्थाने हा प्रयोगच झाला. इथे कांदा वाईट की दूध चांगलं हा प्रश्नच नाही. प्रश्न पोटात काही आहे की नाही, एवढाच आहे.

गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे सात्त्विक, राजस, तामस असे तीन प्रकार येतात. नीट वाचलं तर तिथे कोणत्या स्वभावाच्या माणसाला काय आवडतं, ते सांगितलंय. कांद्या-लसणाचं नावही तिथे नाही. पुढे लोकांनी वाक्य उलटं फिरवलं: अमुक खाल्लंस म्हणून तू असा झालास. शिळं अन्न तामस ठरलं. आता बघा, रात्रीची शिळी भाकरी सकाळी खाऊन रानात जाणारी बाई. तिची चिडचिड झाली तर दोष भाकरीचा, की भाकरीबरोबर दुसरं काही नव्हतं त्याचा?

या प्रश्नाचं उत्तर मिळतं पेलाग्रा नावाच्या रोगाच्या इतिहासात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात हा रोग पसरला होता. कातडी काळवंडते, जुलाब होतात आणि डोकं बिघडतं. उदासी, भीती, भ्रम. तिथल्या वेड्यांच्या इस्पितळांत असे रुग्ण पुष्कळ होते. लोक म्हणत, हा संसर्ग आहे, नाहीतर घराण्यातच खोट आहे. १९१४ मध्ये जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरकडे हे काम आलं. त्यांना दिसलं, की संस्थेत राहणारे आजारी पडतात, पण त्यांची देखभाल करणारे नोकर पडत नाहीत. फरक ताटात होता. गरिबाच्या ताटात मका, काकवी आणि डुकराची चरबी. दूध, मांस नाही. ताट सुधारलं, तसा रोग हटला. संसर्ग नाही हे दाखवायला १९१६ मध्ये त्यांनी रुग्णांचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. नेमका कमी पडणारा घटक, नायसिन, १९३७ मध्ये सापडला.

हे फक्त अमेरिकेचं नाही. आपल्या दख्खनच्या पठारावर मुख्यतः ज्वारीवर जगणाऱ्या गरीब मजुरांमध्येही पेलाग्रा होता. डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास हैदराबादेत त्याचा अभ्यास केला. ज्वारीतल्या ल्युसिन या घटकाकडे त्यांनी बोट दाखवलं. त्यावर पुढे वादही झाला. पण ज्वारी वाईट, असा अर्थ काढू नका. डाळ, भाजी, दूध सोबत असलेली ज्वारी उत्तमच. घात करते ती निव्वळ ज्वारी, आणि ती कोणी हौसेने खात नव्हतं.

दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना त्यांच्या संमतीने २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. ही पोरं उदास, चिडकी, एकलकोंडी झाली. काहीजण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. श्वेतकेतूची गोष्ट पुन्हा घडली. या वेळी नोंदवहीसकट.

आता आपल्याकडचं. पुण्यात के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाला तपासलेल्या पुरुषांपैकी निम्म्याहून अधिक जणांत ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळलं. शाकाहाऱ्यांत हा धोका जास्त. ब-१२ फार घटलं तर हातापायांना मुंग्या येतात, विसराळूपणा येतो, उदासीही येऊ शकते. म्हणजे ज्याला आपण सात्त्विक ताट म्हणतो त्यात हीच उणीव, आणि तामस म्हणून हिणवलेल्या मटणात ती भरून निघते! शाकाहाऱ्यांनी घाबरू नये. दूध-दही आहे, तपासणी आहे, गोळीही आहे.

मग चांगल्या आहाराने नैराश्य बरं होतं का? २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका यांच्या गटाने ६७ रुग्णांवर १२ आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. आहार सुधारलेल्यांपैकी साधारण ३२ टक्के नैराश्यातून बाहेर आले, नुसती सोबत मिळालेल्यांपैकी ८ टक्के. आशा वाटावी असंच आहे, पण प्रयोग लहान होता आणि बहुतेकांचे इतर उपचार चालूच होते. म्हणून सांगतो, नाचण्याची आंबील जरूर प्या, पण तिच्या भरवशावर डॉक्टरांची गोळी बंद करू नका.

आणि एक विनंती. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं सकाळी उपाशी, दिवसभर चहावर असतात. संध्याकाळी छाती धडधडते आणि आपण म्हणतो, 'मन खंबीर कर.' आधी विचारा, 'जेवलास का बाळा?' पोट भरूनही भीती जात नसेल, तर त्याला डॉक्टरांकडे न्या. इतिहासातून आम्ही एवढंच शिकलो: माणसाचं मन बिघडलं की आपण त्याच्या स्वभावात खोट शोधली, आणि खोट पुष्कळदा त्याच्या रिकाम्या ताटात निघाली. ते ताट रिकामं का राहिलं, हा प्रश्न मग एकट्या त्याचा उरत नाही, आपल्या सगळ्यांचा होतो.