गृहविमा : प्रादेशिक दरनिश्चिती

घर कोणत्या भागात आहे हे पाहून त्याच्या विम्याचा दर ठरवण्याची विमागणिती पद्धत. बांधकाम, छप्पर आणि वय ही घराची स्वतःची लक्षणे. वादळ, गारपीट, वणवा, चोऱ्या, अग्निशमन केंद्राचे अंतर आणि दुरुस्तीची मजुरी मात्र जागेनुसार बदलतात.

एखाद्या भागात काही वर्षांत झालेल्या दाव्यांच्या रकमेला विमा उतरवलेल्या ‘घर-वर्षां’नी (एक घर, एक वर्ष) भागले की शुद्ध हप्ता मिळतो. राज्याच्या सरासरीशी त्याचे गुणोत्तर म्हणजे प्रादेशिक गुणक. त्याआधी घरांच्या किमतीचा परिणाम वेगळा काढावा लागतो. नाहीतर महागड्या घरांचे मोठे दावे जागेच्या माथी बसतात.

भाग लहान असला की दावे थोडे आणि आकडे डळमळीत. अमेरिकेत रूढ असलेल्या एका कसोटीनुसार १,०८२ दावे असतील तरच त्या भागाच्या अनुभवावर पूर्ण भरवसा ठेवतात. ही संख्या येते ती दाव्यांची संख्या ९० टक्के खात्रीने अपेक्षित संख्येपासून ५ टक्क्यांच्या आत राहावी या अटीतून. दावे २७० असतील, तर वर्गमूळाच्या नियमाने निम्मे वजन त्या भागाच्या अनुभवाला आणि निम्मे मोठ्या प्रदेशाच्या सरासरीला किंवा शेजारच्या भागांना मिळते.

महासंकटांपुढे ही रीत तोकडी पडते. २४ ऑगस्ट १९९२ रोजी अँड्र्यू चक्रीवादळ दक्षिण फ्लोरिडावर आदळले. त्याआधीची दोन-अडीच दशके तिथे मोठी वादळे फारशी आली नव्हती, म्हणून जुन्या दाव्यांवर बेतलेले दर स्वस्त होते. विमाधारकांचे नुकसान सुमारे १५.५ अब्ज डॉलरवर गेले, अकरा विमा कंपन्या बुडाल्या. तेव्हापासून हजारो काल्पनिक वादळे संगणकावर घडवून वाऱ्याचा दर काढण्याची प्रतिमाने रुजली. ती तपासण्यासाठी फ्लोरिडाने १९९५ मध्ये स्वतंत्र आयोग नेमला.

सीमा कुठे आखायची, हा सर्वांत नाजूक प्रश्न. अमेरिकेत १९३० च्या दशकातील गृहकर्जाच्या नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने दाखवल्या गेल्या. शहरांतील अशा वस्त्यांना विमाही नाकारला जाई. १९६८ च्या कायद्याने त्यांच्यासाठी सामायिक विमा योजनांना आधार दिला. ज्या रेषेमागे नुकसानीचा पुरावा नाही, ती रेषा अन्याय्यच म्हणावी लागेल.

भारतातील आग विम्याचे बांधील दर २००७ पासून सुटले. त्या दरपत्रकात भूकंपाचा दर भूकंप विभागानुसार असे. असे नकाशे किती जपून वाचावेत, हे महाराष्ट्राने भोगून पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपापर्यंत किल्लारीचा परिसर देशाच्या भूकंप नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ च्या नकाशात तो तिसऱ्या विभागात गेला.